सायकल कुणाची, रस्ता कुणाचा?

२०२२ च्या जून महिन्यात आपल्या वऱ्हाडाच्या नावावर एक जागतिक विक्रम लागला. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. सातशेवर माणसे दिवसरात्र पाळ्यांनी राबली. पुढे २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचे प्रवासी विमान उतरले. त्याच वर्षी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. विकासाच्या या यादीला आमचा विरोध नाही. रस्ता झाला पाहिजे, विमानही आले पाहिजे. पण या यादीत सायकलवर डबा लटकावून कामाला निघालेला माणूस कुठे आहे, हा प्रश्न विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे.

समृद्धी महामार्गावर सायकलला प्रवेश नाही, मोटारसायकलला नाही, तीनचाकी ऑटोलाही नाही. ज्या गावांच्या शिवारातून तो रस्ता गेला, त्या गावांतील भूमिहीन मजुराकडे चारचाकी नसते. म्हणजे रस्ता त्याच्या गावातून जातो, पण तो त्याच्यासाठी नसतो. शहरांतही तेच घडत आहे. उड्डाणपूल वरून जातो, आणि खाली सायकलवाला व पायी चालणारा धूळ खात उभा राहतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती. ही माणसे कोणत्या वर्गातून येतात, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

या पार्श्वभूमीवर आज आम्ही एका अशा विषयावर लिहीत आहोत, जो चळवळीच्या पानावर सहसा येत नाही. तो विषय म्हणजे शहरांतील सार्वजनिक सायकल योजना. पुण्यात ती आली आणि विरली. उद्या ती आपल्या अमरावती-अकोल्यातही येऊ शकते. ती येण्याआधीच, ती कुणासाठी असेल, हे ठरवून घेतले पाहिजे.

कल्पना जुनीच आहे

सार्वजनिक सायकल योजना म्हणजे काय? शहरात ठिकठिकाणी सायकलींचे स्टॅण्ड असतात. एका स्टॅण्डवरून सायकल घ्यायची, काम असेल तिथे जायचे आणि जवळच्या दुसऱ्या स्टॅण्डवर ती सोडून द्यायची. सायकल विकत घ्यावी लागत नाही, सांभाळावी लागत नाही, पंक्चर काढावे लागत नाही. एक सायकल दिवसभरात अनेकांच्या कामी येते. भाडे थोडे असते. बसमधून उतरून घरापर्यंत किंवा रेल्वेतून उतरून कॉलेजपर्यंत जे शेवटचे दोनतीन किलोमीटर उरतात, त्यासाठी ही सोय असते.

आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. कारण तासाच्या भाड्याने सायकल मिळणारी दुकाने अमरावती-अकोल्याच्याच नव्हे, तालुक्याच्या गावांच्या चौकाचौकांतही होती. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असे. दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ लिहिली जाई. आपल्यापैकी कित्येकांनी हाफ पायडल मारत सायकल शिकली, ती अशाच भाड्याच्या सायकलीवर. आपल्या आधीच्या पिढीतील कार्यकर्ते खेड्यापाड्यांत सभेचा निरोप घेऊन गेले, तेही बहुतेक सायकलवरच.

पण त्या दुकानाचा एक नियम होता. सायकल ओळखीच्या माणसालाच मिळे. अनोळखी पोराला विचारले जाई, तू कुणाचा, राहतो कुठे? उत्तरात वस्तीचे नाव आले की दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा विश्वास कमी होई आणि 'कुणाला तरी घेऊन ये' असे ऐकावे लागे. सायकल तीच आणि भाडे तेच असले, तरी जामीन मात्र सर्वांना सारखा लागत नव्हता. आजच्या योजनेत दुकानदाराच्या वहीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. स्मार्टफोन पाहिजे, बँकेचे खाते पाहिजे, अनामत भरायला पैसे पाहिजेत. मोबाईल जात विचारत नाही हे खरे. पण ज्याच्याकडे या तीन गोष्टी नाहीत, त्याला तो 'कुणाला तरी घेऊन ये' एवढेही सांगत नाही. तो नुसता उघडत नाही.

बाबासाहेबांचे दोन प्रवास

वाहन आणि जात यांचा संबंध आपल्याला नव्याने शिकायचा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत असे दोन प्रवास नोंदवून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. साताऱ्याहून ही भावंडे वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडी मिळाली. पण त्यातही अट अशी की मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. दुप्पट पैसे मोजूनही माणूस म्हणून सेवा मिळाली नाही.

दुसरा प्रवास १९२९ चा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. चाळीसगाव स्टेशनवर उतरल्यावर एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाला पुढे बसवले. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. हे लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, एक साधा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचढ समजतो.

या दोन्ही प्रसंगांतून आम्ही एक व्यावहारिक धडा घेतो. वाहन कुणाच्या मर्जीवर असेल, तर ती मर्जी जातीच्या वाटेने जाते. सायकल ही पहिली अशी गाडी होती की तिला हाकणारा दुसरा कुणी लागत नव्हता. तिच्यावर बसणारा स्वतःच तिचा चालक होता. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण महिला, त्यांत मोठ्या प्रमाणावर दलित, सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचे नाव टिकू लागले, हे अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीने सिद्ध केले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ मागास तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. दोन चाकांनी मुलीच्या आयुष्याची हद्द गावाच्या वेशीपलीकडे नेली. म्हणून सायकल ही केवळ पर्यावरणाची, व्यायामाची किंवा रविवारच्या सकाळची गोष्ट नाही. ती हालचालीच्या स्वातंत्र्याची गोष्ट आहे.

पुण्यात काय झाले?

महाराष्ट्रात सार्वजनिक सायकल योजनेचा सर्वात मोठा प्रयोग पुण्यात झाला. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात 'पेडल' नावाच्या योजनेच्या सायकली आल्या. २०१८ मध्ये चीनमधील 'ओफो'च्या पिवळ्या सायकली आल्या, 'मोबाईक'च्या आल्या, 'युलू'च्या आल्या. सुरुवातीला अर्ध्या तासाला अवघा एक रुपया भाडे होते. लोकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, सायकली उत्साहाने चालवल्या. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुन्हा सायकलवर येणार, असे सर्वांना वाटले.

पण दोनअडीच वर्षांत त्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. 'ओफो'ने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. 'पेडल' आणि 'मोबाईक'ही गेल्या. 'युलू' विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांकडे वळली. आज अशा गाड्या भाड्याने घेऊन घरोघरी पार्सले पोहोचवणारी मुले दिसतात. म्हणजे जो कामगार आहे, त्यानेच आपल्या कामाच्या साधनाचे भाडे भरायचे, अशी ही नवी रचना आहे.

पुण्याची योजना का टिकली नाही? सायकलींची मोडतोड झाली, काही चोरीस गेल्या, काहींनी स्वतःचे कुलूप लावून घरी ठेवल्या, हे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. असे काही घडले की बोट वस्तीतल्या पोरांकडे वळते, हाही आपला नेहमीचा अनुभव आहे. पण मोडतोड जगभर झाली. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या 'वेलिब' योजनेच्या हजारो सायकली पहिल्या दोन वर्षांतच चोरीस गेल्या किंवा मोडल्या. तरी पॅरिसची योजना बंद पडली नाही. कारण तिथे महापालिकेने कंपनीशी पक्का करार केला होता. नुकसान कुणी सोसायचे आणि दुरुस्ती किती दिवसांत व्हायची, या गोष्टी कागदावर होत्या.

पुण्यात सायकली कंपन्यांच्या होत्या, पैसा कंपन्यांचा होता आणि महापालिकेने फक्त रस्त्यावर जागा दिली. 'महापालिकेचा एक पैसाही खर्च होणार नाही' असे त्या वेळी अभिमानाने सांगितले जात होते. आम्ही म्हणतो, दुखणे तिथेच होते. जिथे महापालिकेचा पैसा नाही, तिथे महापालिकेचा हुकूम चालत नाही. कंपनीला तोटा झाला की ती दुसऱ्या दिवशी सायकली उचलते, आणि ज्याने त्या सायकलीच्या भरवशावर बसचा पास काढणे सोडले असेल, तो रस्त्यावर येतो. चीनमध्ये 'ओफो' बुडाली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा बीजिंगमधील कार्यालयासमोर लागल्या. परतावा मागणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. सार्वजनिक हे नाव देऊन खासगी धंदा केला की शेवटी असेच होते.

जिथे योजना टिकल्या

चीनमध्येच याच्या उलट उदाहरणही आहे. हांगझोऊ शहराने २००८ मध्ये सरकारी मालकीच्या कंपनीमार्फत योजना सुरू केली. बसचे कार्ड सायकलीलाही चालत होते आणि पहिला तास फुकट होता. स्टॅण्ड बसथांब्यांच्या जवळ होते. ती योजना जगातील सर्वात मोठ्या योजनांपैकी एक झाली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे कृष्णवर्णीयांची मोठी लोकसंख्या असलेले शहर. तिथे २०१५ मध्ये योजना सुरू करताना पहिल्या दिवसापासून गरीब वस्त्यांत स्टॅण्ड ठेवले, बँकेचे कार्ड नसलेल्यांसाठी दुकानात रोख पैसे भरण्याची सोय केली आणि पुढे शासकीय मदत घेणाऱ्यांना सवलतीचा पास दिला. लंडनने २०१० मध्ये मध्यवर्ती भागापासून सुरुवात केली. पूर्वेकडील गरीब भागांत २०१२ मध्ये स्टॅण्ड वाढवले, तेव्हा गरीब भागातील लोकांचा वापरही वाढला. म्हणजे गरिबाला सायकल नको असते असे नाही, त्याच्या वस्तीत स्टॅण्डच नसतो.

आपल्या देशात म्हैसूरने जून २०१७ मध्ये 'ट्रिन ट्रिन' योजना सुरू केली. तिथे नोंदणी केंद्रावर ओळखपत्र दाखवून कार्ड मिळत होते. हातात महागडा मोबाईल नसला तरी सायकल मिळत होती. भोपाळनेही त्याच महिन्यात योजना सुरू केली. वेगवेगळ्या शहरांच्या या अनुभवांतून नियोजनाचे काही ठोकताळे तयार झाले आहेत. दर तीनशे मीटरवर एक स्टॅण्ड हवा, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये १० ते १६ स्टॅण्ड. ज्या भागात योजना आहे तिथे दर हजार रहिवाशांमागे १० ते ३० सायकली. एक सायकल दिवसातून किमान चार वेळा वापरली गेली पाहिजे. सकाळी सर्व सायकली एका बाजूला जमा होतात, त्या गाडीत भरून दुसऱ्या बाजूला नेणारे कामगार हवेत. हे सर्व नसेल तर ती योजना नसून उद्घाटनाचा फोटो असतो.

हा हिशेब आपल्या शहरांना लावून पाहू. एक लाख वस्तीच्या भागात योजना करायची तर किमान एक हजार सायकली लागतील. दहा चौरस किलोमीटरचा भाग घेतला तर किमान शंभर स्टॅण्ड लागतील. आठदहा स्टॅण्ड, शंभरदीडशे सायकली आणि मंत्र्यांच्या हस्ते फीत, एवढ्यावर कुणी आपली बोळवण करीत असेल तर हा हिशेब त्याच्या पुढे ठेवावा.

अमरावती-अकोल्याचा नकाशा

२०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख होती. २०१६ मध्ये शेजारची गावे अकोला महापालिकेत आली आणि शहराचा पसारा आणखी वाढला. त्याच जनगणनेत लोकांना कामावर कसे जाता असे विचारले गेले. देशभरातील शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांपैकी साडेचार कोटी पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलने जात होते. मोटारगाडीने जाणारे शंभरात तीनही नव्हते. तरी शहराचा आराखडा त्या तिघांकडे पाहूनच काढला जातो.

सल्लागार कंपनी नकाशा घेऊन बसली की स्टॅण्ड कुठे पडतील, ते आम्ही आजच सांगू शकतो. मोठ्या बागेजवळ, चांगल्या कॉलनीच्या तोंडाशी, मॉलसमोर. कारण तिथे रस्ता रुंद असतो, दिवे असतात आणि फोटो चांगला येतो. आम्ही म्हणतो, नकाशा उलट बाजूने काढा. सकाळी सहाला कोण घराबाहेर पडते, ते पाहा. मजुरांच्या ठिय्यावर उभे राहणारे, बाजारातले हमाल, धुणीभांडी करायला चार घरे फिरणाऱ्या बाया, सफाई कामगार, दवाखान्यातील आया आणि वॉर्डबॉय, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली. यांच्या रोजच्या वाटा जोडल्या की स्टॅण्डचा नकाशा आपोआप तयार होतो.

अमरावतीत मुख्य रेल्वेमार्ग बडनेऱ्यावरून जातो आणि शहर तिथून दहाएक किलोमीटरवर आहे. बडनेरा ते अमरावती हे अंतर सायकलचे नसून बसचे आहे. पण बसथांब्यापासून पुढे इर्विन रुग्णालय, जिल्हा न्यायालय, विद्यापीठ, औद्योगिक वसाहत, फ्रेजरपुऱ्यासारख्या वस्त्या, ही अंतरे सायकलची आहेत. अकोल्यात मोर्णेच्या एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे स्टेशन, बसस्थानक, सर्वोपचार रुग्णालय, कृषी विद्यापीठ. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्याला अकोल्यात लाखो लोक येतात आणि मैलोन् मैल पायी चालतात. अशोक वाटिकेजवळ, विहारांजवळ, वस्तीच्या तोंडाशी स्टॅण्ड असले पाहिजेत.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात दुपारी कुणी हौसेने सायकल चालवणार नाही. म्हणून स्टॅण्डवर सावली, पिण्याचे पाणी आणि रस्त्याकडेला झाडे या गोष्टी योजनेचाच भाग समजल्या पाहिजेत. सायकली सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत मिळाल्या पाहिजेत. वऱ्हाडातला मजूर ऊन टाळूनच कामाला जातो आणि परततो. महिलांसाठी दांडी नसलेल्या सायकली, पुढे टोपली, स्टॅण्डवर उजेड आणि माणूस हवा. रात्री नऊला अभ्यासिकेतून निघणाऱ्या मुलीला अंधाऱ्या कोपऱ्यातला स्टॅण्ड उपयोगाचा नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे

ही कुणाची मेहरबानी नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द आहे. तो तिथे योगायोगाने आलेला नाही. गळ्यात मडके बांधून रस्त्यावर चालावे लागलेल्या माणसांच्या इतिहासातून तो आलेला आहे. अनुच्छेद १९ हालचालीचे स्वातंत्र्य देतो. हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेदराम शर्मा या १९८६ च्या निकालात डोंगराळ भागातील गरीब, बहुतांशी दलित गावकऱ्यांच्या पत्रावरून सुरू झालेला रस्त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या माणसांसाठी रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यांचा पदपथाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असे सांगितले. सायकलस्वाराचा सुरक्षित रस्ता ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आहेत, बसथांबे आहेत आणि समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी माणूस मेला वा अपंग झाला, तर संबंधित प्राधिकरण आणि ठेकेदार दंडास पात्र ठरतात. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने तर वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे उद्दिष्ट ठरवून दिले. कागद भरपूर आहेत. ते घेऊन जाणारे पाय कमी आहेत.

सन २०१५ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत अमरावतीचे नाव होते, पण अंतिम निवडीत ते राहिले नाही. आम्हाला त्याचे दुःख नाही. स्मार्ट सिटीचा पैसा आला नाही म्हणून रस्त्यावर सायकलीची पट्टी आखता येत नाही, असे नाही. अडचण पैशाएवढीच लोकशाहीची आहे. २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या काळात नगरसेवकच नसतो, त्या काळात वस्तीचा प्रश्न सभागृहात कोण मांडणार?

आपल्यातलाच एक आक्षेप

आम्ही हा विषय काढला की कार्यकर्ते विचारतात, 'अत्याचार थांबत नाहीत, आरक्षण खासगीकरणात चालले आहे, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही सायकलीचे काय घेऊन बसलात?' त्याहून बोचरा प्रश्न तरुण विचारतात. 'आमचा बाप आयुष्यभर सायकलवर हमाली करायला गेला. आम्ही शिकलो, आता मोटारसायकल घेतली, तर तुम्ही पुन्हा सायकलवर बसा म्हणता?'

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. श्रीमंताने गाडीतून उतरून हौसेने सायकल चालवणे आणि गरिबाने नाइलाजाने चालवणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्या पोराने मोटारसायकल घ्यावी, गाडी घ्यावी, विमानाने जावे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण मोटारसायकलचा हप्ता कुठून जातो, पेट्रोल कुठून जाते, याचा हिशेब प्रत्येक घरात मांडला पाहिजे. पोराच्या गाडीच्या हप्त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची फी थांबते, अशी घरे आपण रोज पाहतो. घरात गाडी आली तरी ती एकाच्या हाती असते. आई, बहीण आणि म्हातारा बाप पायीच असतात. सार्वजनिक बस आणि सार्वजनिक सायकल या उरलेल्यांसाठी आहेत. गरीब माणसाने सायकलवरच राहावे, असे आम्ही म्हणत नाही. तो आज ज्या वाहनावर आहे, त्यावरून तो सुरक्षित घरी पोहोचला पाहिजे, एवढेच आम्ही म्हणतो.

आणि हा प्रश्न इतर प्रश्नांपासून वेगळाही नाही. योजनेत दुरुस्ती करणारे, सायकली वाहून नेणारे, स्टॅण्ड सांभाळणारे शेकडो हात लागतील. ते ठेकेदारामार्फत घेतले की आरक्षण नाही, किमान वेतन कागदावर आणि भविष्य निर्वाह निधी हवेत. म्हणजे खासगीकरणाचा तोच प्रश्न इथेही उभा आहे. तो आधी विचारला नाही, तर नंतर फक्त निषेधाची पत्रके काढावी लागतील.

आमच्या मागण्या

म्हणून दोन्ही शहरांतील कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. पहिली, सायकली आणि स्टॅण्ड यांची मालकी महापालिकेची असावी. चालवणारी संस्था कुणीही असो, करारात दुरुस्तीची मुदत, दंड आणि मुदतीपूर्वी सोडून गेल्यास भरपाई लिहिलेली असावी. दुसरी, पहिल्या टप्प्यातील निम्मे स्टॅण्ड वस्त्या, सरकारी दवाखाने, वसतिगृहे आणि मजुरांचे ठिय्ये यांच्याजवळ असावेत. तिसरी, स्मार्टफोनशिवाय, रोख पैशाने आणि साध्या कार्डाने सायकल मिळावी. विद्यार्थी व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकडून अनामत घेऊ नये. चौथी, आधी रस्त्यावर सायकलीसाठी सुरक्षित पट्टी, नंतर सायकली. पाचवी, योजनेतील कामगारांची भरती आरक्षणाच्या नियमाने व्हावी. सहावी आणि महत्त्वाची, या योजनेसाठी दलित वस्ती सुधारणेचा किंवा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेला निधी वळवू नये. रस्ता सर्वांचा आहे, तर पैसाही सर्वांच्या अंदाजपत्रकातून आला पाहिजे.

यासाठी आधी मोर्चा लागत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक ठरण्याआधी प्रत्येक विहारात एक बैठक घ्या. आपल्या वस्तीतील कोण, किती वाजता, कुठे जाते, हे एका कागदावर लिहा. त्याचा नकाशा काढा आणि निवेदनाला जोडून आयुक्तांना द्या, त्याची पोच घ्या. शहरात अशा योजनेचा प्रस्ताव असेल, तर माहिती अधिकार कायदा २००५ अन्वये प्रस्तावाची आणि कराराच्या मसुद्याची प्रत मागा. वकील मंडळींनी या कामात विनामूल्य मदत करावी, आम्ही त्यासाठी तयार आहोत.

चाळीसगावच्या वस्तीने १९२९ मध्ये टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला शिकलेला माणूस तिच्याकडे नव्हता. आज वस्तीत वकील आहेत, इंजिनिअर आहेत, नकाशा वाचणाऱ्या मुली आहेत. शहराचा आराखडा ज्या टेबलावर मांडला जातो, तिथे आपला कागद आधी पोहोचला पाहिजे.

जयभीम!